साफ कागद

परिचारिकेने दुसऱ्यांदा हाक मारली. "भट्टीचे मुकादम कोण?" तेव्हा कुठे तो उठला.

कारखान्याचा नियम नवा होता. वीस वर्षांहून जास्त भट्टीवर काढलेल्यांनी फुप्फुसांचं स्कॅन करून घ्यायचं. कागद साफ आला तरच काम चालू राहणार. गेल्या आठवड्यात त्याने अर्ज भरला होता. वय बावन्न. सिगारेटी रोज वीस, सव्वीस वर्षं. लिहिताना तो जरा अडखळला, तेव्हा परिचारिका हसून म्हणाली होती, खरा आकडा सांगायला सगळेच लाजतात.

डॉक्टरीणबाई पडद्यावरून नजर न काढता बोलत होत्या. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ होती. चौदा मिलिमीटर. लक्षण चांगलं नव्हतं. सुईने तुकडा काढून तपासायला हवा होता, तोही याच आठवड्यात. शंका खरी ठरली, तरी वेळेत सापडलं असं म्हणायचं. एवढीशी गाठ आता लहान छेदांतून काढता येते आणि पुढे लागलीच तर गाठीचा प्रकार पाहून औषधं देतात.

"दोन वर्षांनी आला असतात, तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या.

मग त्याने विचारलं, "सिगारेट न ओढणाऱ्याला होतं का हो हे?"

"होतं. घरातल्या दुसऱ्याच्या धुरानेही होतं. पण तुमच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायला नको. आजपासून बंद."

त्याने मान डोलावली.

तो घरी चालतच आला. वाटेत दोनदा थांबून त्याने खोल श्वास घेऊन पाहिला. कुठे काही दुखत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

थोरला भाऊ पायरीवर बसला होता. झालं का काम, एवढंच त्याने विचारलं. धाकट्याने रिपोर्टचं पाकीट पुढे केलं. भावाने वरचं नाव वाचलं, मग खालच्या ओळी. त्याचा चेहरा उतरला. हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला.

धाकटा शेजारी टेकला. त्याने तो हात हळूच खाली घेतला.

"नाव तुझं आहे, दादा," तो म्हणाला. "पण तुझ्या जागी त्या मशीनमध्ये मी झोपलो होतो."