पांढऱ्या रेघेपलीकडे

गुमेडे पोखरलेल्या पावातली घेवड्याची उसळ बोटाने निपटत होता, तेवढ्यात वसाहतीच्या फाटकावरच्या केबिनमधून त्याच्या जोडीची तरुण पहारेकरीण लिंडिवेने हाक दिली, "बाबा, तुमचा लाडका येतोय."

लाडका म्हणजे स्ट्रायडम वकील. डर्बनबाहेरच्या या बंदिस्त वसाहतीत सगळ्यात मोठं घर त्याचं, आणि सगळ्यात मोठं तोंडही त्याचंच.

गेल्या साली दारू ढोसून त्याने फाटकाबाहेर कणसं भाजणाऱ्या पोरीला उडवलं. ती पोर म्हणजे गुमेडेची लेक, नॉमसा. गुमेडेने मोटरसायकलवरून पाठलाग केला, सरकारी रस्त्यावर त्याला आडवा गेला, चावी काढून घेतली आणि पोलीस येईस्तोवर त्याला धरून ठेवलं. तिथेच चुकलं. खासगी पहारेकऱ्याला फाटकाबाहेर गाडी अडवायचा अधिकारच नाही, असं स्ट्रायडमने कोर्टात पटवून दिलं. अडवणंच बेकायदा, म्हणून दारूचा पुरावाही बाद. वकील सुटला. नॉमसाचा पाय गेला तो गेलाच. वर माफी मागायची वेळ आली गुमेडेवर. काय न्याय आहे बघा.

मग वसाहतीने फाटकाच्या तोंडाशी पांढरी रेघ मारली. पहारेकऱ्याने तिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. रहिवाशांची गाडी अडवायची नाही. त्यांच्या गाड्या ओळखून फाटकाचा दांडा आपोआप वर जातो.

स्ट्रायडमला तर ऊतच आला. कोर्टातला तोच पिवळा टाय लावून रोज बरोबर रेघेवर थांबायचा, काच खाली करून म्हणायचा, "अडव की रे गुमेडे." मग दोनदा हॉर्न, आणि सुसाट. गुमेडेच्या अंगाची लाहीलाही व्हायची. घरी नॉमसाची कुबडी टकटकायला लागली की तो पितरांकडे एकच मागणं मागायचा, या माणसाला एकदा तरी माझी गरज पडू दे.

आज गाडी हळू आली. काळ्या काचा वरच. हॉर्न नाही, टोमणा नाही. दांडा वर गेला आणि गाडी गरीब गाईसारखी रेघ ओलांडून गेली.

"सुधारला वाटतं," लिंडिवे आतून म्हणाली.

गुमेडे रेघेपर्यंत गेला. गाडीच्या पाठीकडे बघत तो उभा होता.

तिला मग राहवेना. गाड्या पळवणारी टोळी फिरतेय, असं पोलीस सकाळीच सांगून गेले होते. "बाबा, आत तोच होता ना? मोटरसायकल काढू?"

"आत तोच आहे," गुमेडे म्हणाला. "आणि रेघेपलीकडे आपल्याला अधिकार नाही, पोरी. कोर्टानेच सांगितलंय. तू चहा ओत."

टाचा जुळवून त्याने त्या गाडीला कडक सलाम ठोकला. डिकीच्या फटीत पिवळ्या टायचं टोक अडकलं होतं, आणि आतून कुणीतरी ते जिवाच्या आकांताने ओढत होतं.