पांढरे हातमोजे

“थुंक त्या हातमोज्यांवर!” बहीण खेकसली. “बाबांना मारणाऱ्या न्यायाधीशासाठी टाके घालतोस?” “गप बस, मार्जरी. नाही शिवले तर शेरीफ दुकानाला टाळं ठोकेल. मग बाबा फुकट मेले.” बाबांवर चोरीचा आळ होता. दोषी ठरले असते तर फाशी, वर दुकानही राजाच्या घशात. म्हणून कोर्टात तोंडच उघडेनात. गुन्ह्याला हो म्हणेनात, नाही म्हणेनात. अशा माणसाचा खटला चालत नाही, बोलेपर्यंत छातीवर दगड रचतात. बाबा बोलले नाहीत. दुकान आम्हाला राहिलं. न्यायाधीश लंडनला राजाचा मंत्री व्हायला चाललाय. इथे एकालाही फाशी दिली नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला गावाकडून पांढरे हातमोजे. “आणि बाबा?” “दगडाखाली मेलेला फाशीत धरत नाहीत.” कातडं बाबांनीच कापून ठेवलेलं. मी शेवटचा टाका घातला. साहेबाच्या हातांवर मीच चढवायचेत म्हणे. निघतो आता.