कोल्डरूमचं दार

कोल्डरूमच्या दारावर आतून कोणीतरी ठोकलं. बबिताच्या हातातला डब्यांचा क्रेट हातातच राहिला.

पुन्हा ठोकलं. बारीक, थकल्यासारखं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. कॉम्प्रेसर घरघरत होता. दाराला अगदी लागून उभा राहून धुळाजी व्हॅनमध्ये माल चढवत होता. त्यानं मानही वर केली नाही. पलीकडं मालक विजयसिंह फोनवर बोलत होते. म्हणजे आजही ते फक्त तिलाच ऐकू आलं होतं.

तेलगावच्या रस्त्यावरच्या या कारखान्यात विमानातला नाश्ता तयार व्हायचा. जिल्ह्याबाहेरच्या विमानतळावर शेवटचं विमान रात्री मुक्कामाला यायचं आणि पहाटे उडायचं. तेवढ्या पहाटे तिथं रांधायची काही सोय नव्हती. म्हणून उपमा, पराठे इथं दुपारीच शिजायचे, डब्यांत भरून कोल्डरूममध्ये दगडासारखे गोठवले जायचे आणि संध्याकाळी थंड व्हॅनमधून निघायचे. मालाची थंडी जराशी जरी उतरली, तरी विमानवाले सगळा माल परत करायचे. काल तेच झालं होतं. ठोकल्याचा आवाज ऐकून बबितानं काल पुन्हा पुन्हा दार उघडलं होतं. आत कोणीच नव्हतं.

"आता उगाच उघडलंस तर उद्यापासून येऊ नको," विजयसिंह सकाळीच म्हणाले होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझं दुःख कळतंय मला. पण माल तर गेला पाहिजे ना."

तिचं दुःख सगळ्यांनाच माहीत होतं. तिचा नवरा गहिनीनाथ हैदराबादला विमानांना जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथल्या कोल्डरूममध्ये तो अडकला आणि आतच गेला. त्या वेळी बाहेर ड्युटीवर होता तो धुळाजी. एकाच गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. प्रेत घेऊन गावात आला तोही धुळाजीच.

"ह्यांनी दार ठोकलं नसंल का?" तिनं तेव्हा त्याला विचारलं होतं.

"मला काहीच ऐकू आलं न्हाई, वहिनी."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. धुळाजीही पुन्हा हैदराबादला गेला नाही, इथंच व्हॅन चालवू लागला. आणि तेव्हापासूनच बबिताला ते ठोकणं ऐकू यायला लागलं. घराच्या दारावर, शेजारच्या भिंतीत, चालत्या एसटीत. कोल्डरूमचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं. का मागितलं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. असल्या दाराशी ऐकणारं कोणीतरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आता आवाज थांबला होता. बबितानं क्रेट खाली ठेवला आणि दाराचा दांडा ओढला.

विजयसिंह फोन कानाला तसाच धरून धावत आले. काही बोलणार, तोच त्यांनी आत पाहिलं. पांढऱ्या वाफेत, उंबऱ्याच्या आतच, वनमाला पडली होती. डबे भरणारी वनमाला. ती कधीच घरी गेली, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते.

धुळाजीनं तिला उचलून व्हॅनच्या केबिनमध्ये नेलं, हीटर लावला, स्वतःची चादर तिच्याभोवती गुंडाळली. बबिता तिला जवळ घेऊन बसली. बऱ्याच वेळानं वनमालाच्या तोंडून शब्द फुटले.

"आतला खटका बर्फानं धरलाय. उघडंचना. किती ठोकलं मी. नरडं फाटस्तोवर ओरडले. कावून कोणी आलं न्हाई लवकर?"

"मी तर दाराला चिकटून उभा व्हतो," धुळाजी म्हणाला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. "मला काहीच ऐकू आलं न्हाई."

तेच शब्द. बबिता त्याच्याकडं बघत राहिली. मग उठली आणि कोल्डरूमकडं चालू लागली.

"मी आत जाते, मालक. दार लावून घ्या. मी ठोकते, तुमी दोघं ऐका."

"येडी झालीस का? खटका बिघडलाय."

"म्हणून तर तुमी बाहेर थांबा. थोड्या वेळानं उघडा."

दार बंद झालं. थंडी नाकातोंडात शिरली. बबितानं तळहातांनी दार बडवलं. मग मुठींनी. मग लाथा घातल्या. शेवटी शेवटी गहिनीनाथनं काय काय केलं असेल, ते तिच्या हातापायांना आपोआप कळत गेलं. ती ओरडली. मग तो ज्या नावानं तिला हाक मारायचा, तेच नाव तिनं घशाच्या शिरा ताणून पुन्हा पुन्हा घेतलं.

दार उघडलं. विजयसिंह आणि धुळाजी दाराला कान लावूनच उभे होते.

"ठोक की," विजयसिंह म्हणाले. "कवाचे थांबलोय आमी."

बबितानं सोललेले हात पदरात घेतले. त्या वीतभर जाड दाराकडं तिनं एकदा पाहिलं. मग ती धुळाजीसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमाला खरंच ऐकू आलं नसंल."

धुळाजी मटकन खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून तो हुंदके देत राहिला. बबिताही त्याच्याजवळ जमिनीवर बसली. त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं, मान वर केली. दाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"पण वहिनी, मग तुमाला कसं ऐकू आलं?"