रोज चार तास

"परत एकदा बघ. हे काय आहे?"

डॉक्टरीणबाईंनी ठकीचा उजवा डोळा झाकला होता. चार वर्षांची ठकी डावा डोळा ताणून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. अगदी वरचं, ताटाएवढं चित्र.

"घर?"

चित्र बदकाचं होतं.

"महिन्यापूर्वीही घरच म्हणाली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नाहीत. ठकीच्या आईनं शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

ठकीच्या डाव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू होता. कळायला उशीर झाला. ऑपरेशन झकास झालं, पण मेंदूला त्या डोळ्याची सवयच नव्हती. मग डॉक्टरीणबाईंनी आईला खोलीत बोलावून सांगितलं होतं, उजवा, म्हणजे चांगला डोळा रोज चार तास पट्टीनं बंद ठेवायचा, तरच आळशी डावा कामाला लागेल. रविवारी सुट्टी. "ती रडेल, पट्टी ओढेल, धडपडेल. तुम्ही विरघळलात तर हा डोळा कायमचा गेला."

आई सकाळी सहालाच कारखान्यात जायची. पट्टीचं काम साहजिकच सासूबाईंकडे आलं. दवाखान्यातले तीन दिवस ठकीजवळ त्याच होत्या. डोळा पुसणं, थेंब घालणं, वर पट्टी लावणं, सगळं त्या सिस्टरकडून शिकल्या होत्या. आईनं त्यांना एवढंच बजावलं, "रोज चार तास. रडली तरी काढायची नाही."

"मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?" सासूबाई फणकारल्या होत्या.

गंमत म्हणजे ठकी रडलीच नाही. शेजारीण म्हणायची, "गुणाची पोर गं! पट्टी लावून मणी ओवत बसते." आईला आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. आजी नातीपुढे लोण्यासारखी वितळणारी. शेजारीण डोकावली की पट्टी लावत असेल आणि ती वळली की काढत असेल, कोणी बघितलंय?

एकदा सासूबाई बाजारात गेल्या, तेव्हा तिनं चोरून कचऱ्याचा डबा उपसला. त्यात काहीच नव्हतं. पट्ट्या सापडल्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात. एकीवर एक नीट रचलेल्या, प्रत्येकीवर ठकीनं काढलेला फुगा किंवा मासा. तिनं एक उलटून पाहिली. आत पापणीचा केस चिकटलेला होता आणि थेंबांच्या औषधाचा पांढरट डाग होता. म्हणजे पट्टी खरंच लागत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून तिनं सासूबाईंवर संशय घेतला नाही.

"खरं सांगा," डॉक्टरीणबाई आता म्हणत होत्या. "मध्येमध्ये काढता ना पट्टी? सगळे काढतात. पण आणखी सहा महिने असे गेले, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"डॉक्टर, आई खोटं बोलत नाहीत," ठकीची आई एकदम म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासूच्या बाजूनं बोलली असेल. "मी स्वतः पट्ट्या बघितल्यात. एक दिवस चुकलेला नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मग नीट चिकटत नसेल. फटीतून बघत असेल पोर," डॉक्टरीणबाईंनी पट्टीचं पाकीट पुढे केलं. "आजी, घरी लावता तशी लावून दाखवा."

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांनी हात धुतले, पट्टीमागचा कागद सोलला, ठकीची हनुवटी धरली. डावा डोळा मिटायला लावला आणि त्यावर पट्टी ठेवून चारही बाजूंनी अंगठ्यानं दाबली. कुठे एवढीशीही फट नव्हती.

"ऑपरेशनचा डोळा आहे, जपायला नको?" त्या अभिमानानं म्हणाल्या. "आता विचारा तिला. पट्टी लावली की किती लख्ख दिसतं पोरीला!"

आणि ठकीनं बदकापासून सुरुवात करून अगदी खालच्या ओळीतल्या मुंगीपर्यंत सगळी चित्रं धडाधड ओळखून दाखवली.