मधली झडप

“मधल्या झडपेला हात लावू नकोस, दादा. ती उघडायची तेव्हा उघडू दे,” बहीण म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. म्हाताऱ्या टर्नरनंही लेथ बंद केलं.

“का? माझी गाडी पळाली तर तुझ्या पोटात दुखतं?”

“कमी वेगाला सुपरचार्जर हवा फुंकतो, पट्ट्याच्या जोरावर. वेग आला की टर्बो फुंकतो, धुराच्या जोरावर. तेव्हा ही झडप आपोआप उघडते आणि हवा सुपरचार्जरला वळसा घालून जाते. बंद ठेवलीस तर दोघं एकावर एक फुंकतील. दाबाची बेरीज नाही, गुणाकार होईल. पिस्टन वितळतील.”

दादा नुसता हसला.

ही दोन धुडं एका इंजिनात नांदवणं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून तर त्यानं नाक मुठीत धरून तिला बोलावलं होतं. ती आली याचंच लोकांना नवल. भाऊ कसला, वैरी! गेल्या वर्षी याच जागी ती त्याला म्हणाली होती, पट्टा फाटलाय, इंजिन चालू करू नकोस. त्यानं केलं. पट्टा तुटला आणि नुकत्याच तिथं आलेल्या तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. वर हा गृहस्थ साळसूदपणे म्हणाला, “मला कुणी काही सांगितलंच नाही.” कामगार पोटाकडे बघून गप्प बसले. तेही एक वेळ ठीक. पण नवरा अधूनमधून विचारायचा, “तू खरंच सांगितलं होतंस ना गं?” त्या प्रश्नानं ती आतून जळायची. तिला सूड हवा होता, आणि तो ती घेणारच होती.

दादाही काही दूधखुळा नव्हता. ती गेल्यावर त्यानं एकेक नट तपासून घेतला. कुठं काही ढिलं सापडेना. उरली ती झडप. “एवढी ओरडून सांगतेय म्हणजे इथंच पाणी मुरतंय,” असं म्हणत त्यानं ती तारेनं आवळून बंद करून टाकली.

शर्यत चढावरची होती. दादा स्वतः चालवत होता. गाडी अशी सुटली की बघणाऱ्यांचे डोळेच विस्फारले. पहिल्या वळणावर फाडकन आवाज झाला, निळा धूर निघाला आणि गाडी जागीच बसली. बहीण नवऱ्याशेजारी उभी होती. तिला हसू आवरेना, आणि आवरायचंही नव्हतं. खोटं एक अक्षर ती बोलली नव्हती. तो ऐकणार नाही, एवढ्यावरच तिची सगळी भिस्त होती.

दादा तरातरा खाली आला. चारचौघांत त्यानं बोट रोखलं. “हिनं घात केला! झडपेचं मला कुणी काही सांगितलंच नाही!”

कामगार याही वेळी जमिनीकडे बघू लागले.

म्हातारा टर्नर मात्र पुढे आला. “सांगितलं होतं, मालक. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.”

मग तो तिच्या नवऱ्याकडे वळला. त्याच्या नजरेला नजर देणं काही म्हाताऱ्याला जमेना.

“आणि पट्टा फाटलाय, हेही तिनं सांगितलं होतं. मी तिथंच होतो.”