शेक

गुडघा बदलून आल्यापासून बेबीताई भेटेल त्याला सांगायच्या, "काहीच नाही दुखत आता. पोरानं पाय नवा करून देला." मुलगा जवळपास असला की जरा मोठ्यानंच. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जाणाऱ्या त्यांच्या नवऱ्यानं, देवीदासरावांनीही, शेवटी बायकोच्या या शब्दावर भरवसा ठेवून गुडघा बदलून घेतला.

त्याला वर्ष झालं. आज घरचे सगळे घाटंजीच्या बाजाराला गेले होते. दोघंच ओट्यावर खुर्च्या टाकून बसली होती. देवीदासरावांनी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरली होती.

बेबीताईंनी भीत भीत विचारलं, "अजी, अजून दुखते काय?"

देवीदासरावांनी पिशवी उचलली आणि बायकोच्या गुडघ्यावर ठेवली.

"नाही वं. तुले जसं नाही दुखत, तसंच."