आफ्रिकेतला ढोल

दुसऱ्या रविवारीही बुधाजी आला, तेव्हा देवराव टॉकीजच्या दारातच अवघडला.

"बा, मागच्या रविवारी पाह्यला ना तू हा सिनेमा?"

"पाह्यला. अजून पायतो," म्हातारा म्हणाला आणि आत जाऊन पुढच्या बाकावर बसला.

१९६८ साल. अमरावतीच्या फिल्म सोसायटीने आफ्रिकेतला तो सिनेमा तीन रविवार सकाळी लावला होता. एका शेतकऱ्याची वाडवडिलांची जमीन धरणात जाणार असते. त्याआधी गाव शेवटची पेरणी जुन्या रीतीने करतं, एवढीच कथा. बोलणं फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरं. पेपरांनी भरभरून लिहिलं होतं. मातीचं काव्य, परंपरेचं गाणं. मधला भाग फार रेंगाळतो, एवढीच काय ती तक्रार.

कॉलेजात शिकवणारा देवराव मित्र ओमप्रकाशच्या साप्ताहिकात परीक्षण लिहिणार होता. सिनेमा त्यालाही आवडला होता, बहुधा. पण त्याचं लक्ष पडद्यापेक्षा बापाकडेच जाई. पेरणीच्या सणाचा ढोल सुरू झाला की बुधाजी बाकाच्या कडेवर सरके, मान पुढे काढी. सण संपला की उठून दर्यापूरची बस धरायला निघे. त्यापुढचा सिनेमा त्याने पाहिलाच नव्हता.

एके काळी बुधाजीच्या डफड्याशिवाय गावात ना लग्न लागे, ना पोळा फुटे. जाळावर तापवलेल्या कातड्याचा वास देवरावला अजून आठवे, आणि बापाच्या मनगटाची ती लय. त्याच बापाने छप्पन साली, दीक्षा घेऊन आल्यावर, वस्तीत सगळ्यांच्या आधी डफडं नदीत सोडलं होतं. देवराव वर्गात ताठ उभा राही तो त्या एका गोष्टीच्या जोरावर.

"तुह्या बाले लई भावला पिक्चर," ओमप्रकाश म्हणाला. "परीक्षण त्यालेच लिहू दे ना, यार."

देवराव हसला नाही.

त्याने कडक लिहिलं. आपण महत्प्रयासाने जे टाकलं, त्याचा मोह हा सिनेमा आपल्याच म्हाताऱ्यांना पुन्हा घालतो. तो दाखवूच नये. अंक निघाला. कॉलेजच्या मुलांनी तो उचलून धरला. सोसायटीची बैठक बसली आणि तिसरा खेळ रद्द झाला.

रविवारी देवराव तरीही टॉकीजवर गेला. बुधाजी आला. सोबत देवरावची माय, पंचफुला, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता.

"बंद काहून हाय?" बुधाजीने विचारलं.

"खेळ रद्द झाला, बा." देवराव धीर करून म्हणाला, "डफड्याची लई याद येते का तुले?"

"डफड्याची? नाही बाप्पा. सुटलो एकदाचा."

"मंग?"

"वाजवून झालं का तो मालक त्या ढोलवाल्याले अंगणात मधात बसवते. सोता वाढते. पयले त्याले, मंग घरच्याइले. लई येळ जेवते तो, घाई नाही कोणाले." बुधाजीने बंद दाराकडे पाहिलं. "आपल्याले मांडवाबाहेर बसवत, सगळ्याइचं झाल्यावर. मनून तुह्या मायचा इश्वास बसत नाही. तिले दाखवाले आणलं."